करंगळी पडली, पण दुखत नाही

प्रश्न : मॅडम, मी तासगाव तालुक्यातली. वय ५३. नऊ वर्षांपासून आमवात आहे. आठवड्यातून एकदा घ्यायच्या पिवळ्या गोळ्या चालू होत्या, पण गोळी घेतली की दुसरा अख्खा दिवस मळमळायचं, म्हणून पावसाळ्यात बंद केल्या. तेव्हापासून ओळखीच्या एकांकडून आणलेल्या पुड्या घेते, त्यांनी आराम पडतो. उजव्या मनगटाच्या मागच्या बाजूला मऊ फुगवटा आहे. आठ-दहा दिवसांपूर्वी द्राक्षबागेत विरळणी करताना करंगळी एकाएकी खाली पडली, आता वर उचलत नाही. काही लागलं नव्हतं आणि दुखतही नाही. गावातल्या डॉक्टरांनी नस दबली असेल म्हणून ताकदीची इंजेक्शनं दिली. सासूबाई म्हणतात, हाडवैद्याकडून चोळून घे. विरळणी अजून पंधरा-वीस दिवस चालेल. ती उरकून दाखवलं तर चालेल का? डावा घोटाही आतल्या बाजूने सुजतो आणि पाऊल सपाट झाल्यासारखं वाटतं. रक्ताचा रिपोर्ट मात्र चांगला आला आहे. (पत्र मुलीकडून लिहून घेतलं आहे.)

उत्तर : ताई, विरळणी उरकायची वाट बघू नका. पत्र वाचल्यावर लगेच तुमच्या मुलीच्या फोनवर तसा निरोप दिला होता, तेव्हा हे छापून येईपर्यंत तुम्ही हात दाखवून आला असाल अशी आशा आहे. तरी सगळं सविस्तर लिहिते, कारण तुमच्यासारखी पत्रं आणखीही येतात. आमवातात दुखणाऱ्या बोटासाठी माणूस दवाखान्यात धावतं. न दुखता पडलेलं बोट मात्र आठवडेच्या आठवडे तसंच राहतं, आणि त्या आठवड्यांत सोपं काम अवघड होऊन बसतं.

पत्रावरून निदान पक्कं होत नाही, हात बघावाच लागतो. पण मनगटामागचा मऊ फुगवटा, काम करता करता एकाएकी पडलेलं बोट आणि दुखणं अजिबात नसणं, या तीन गोष्टी एकत्र आल्या की माझा पहिला संशय करंगळी उचलणारी कंडरा तुटल्याचा असतो. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी पांढरी, चिवट दोरी. आपल्याकडे तिलाही सरसकट शीरच म्हणतात. बोटं उचलणारे स्नायू कोपराच्या खाली असतात आणि त्यांच्या कंडरा मनगटाच्या मागून बोटांपर्यंत जातात. मनगटापाशी त्या एका पातळ अस्तराच्या म्यानातून सरकतात. आमवात ज्या अस्तरावर हल्ला करतो ते सांध्यात असतं तसंच या म्यानातही असतं. म्हणून सांधे सुजतात तशी ही म्यानंही सुजतात. तुमचा मऊ फुगवटा बहुधा तोच आहे. सुजलेलं अस्तर हळूहळू कंडरेच्या आत शिरतं आणि तिला कमकुवत करतं. त्यातच मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूचं हाड सैल होऊन वर उचललं जातं आणि त्याची कड खडबडीत होते. विहिरीच्या काठावर दोर घासून घासून एक दिवस तुटावा तशी ती कंडरा रोज त्या कडेवर घासते आणि साध्याशा कामात तुटते. व्हॉन-जॅक्सन या ब्रिटिश शल्यविशारदांनी १९४८ साली दोन रुग्णांवरून हे लिहून ठेवलं आणि अशा तुटण्याला आजही त्यांचंच नाव आहे.

तुटण्याला एक क्रम असतो. पहिली बहुतेक वेळा करंगळी, मग अनामिका, मग मधलं बोट. करंगळीची कंडरा तुटल्यावर ती खडबडीत कड शेजारच्या कंडरेला लागते. म्हणूनच मी घाई करा म्हणते. एकच कंडरा तुटली असेल तर तिचं टोक शेजारच्या चांगल्या कंडरेला शिवून काम भागू शकतं. दोन तुटल्या की सहसा दुसरीकडून कंडरा आणावी लागते. तर्जनीला उचलणाऱ्या दोन कंडरा असतात, त्यातली एक सर्जन करंगळीकडे वळवतात आणि तर्जनीचं फारसं बिघडत नाही. तीन-चार तुटल्यावर मात्र उसनं आणायलाही फारसं उरत नाही, आणि शस्त्रक्रियेनंतर हात पूर्वीसारखा होण्याची शक्यता कमी होत जाते. तुटलेली टोकं झिजलेली आणि एकमेकांपासून लांब गेलेली असतात, त्यामुळे नुसतं टोकाला टोक जोडणं सहसा जमत नाही. तुमची आज एक करंगळी पडली आहे. या घडीला हात दाखवणं आणि विरळणी उरकून दाखवणं यात उरलेल्या बोटांचा प्रश्न आहे.

गावातल्या डॉक्टरांचा नसेचा संशय अगदीच निराधार नाही, हेही सांगते. आमवातात कोपराच्या सुजेने एक नस दबते आणि बोटं उचलत नाहीत. शिवाय आणखी दोन कारणं असतात. बोटाच्या मुळाचा सांधा निखळून खाली सरकलेला असू शकतो किंवा कंडरा शाबूत असूनही पेराच्या उंचवट्यावरून घसरून दोन पेरांच्या मधल्या खळग्यात गेलेली असू शकते. या चारही गोष्टींचे उपचार वेगळे आहेत, म्हणून वेगळं ओळखणं महत्त्वाचं. चांगला डॉक्टर यंत्राशिवायही दोन मिनिटांत बरंच ओळखतो. तो दुसऱ्या हाताने तुमची करंगळी सरळ करेल आणि सोडेल. सरळ केलेली तुम्हाला तशीच धरून ठेवता आली, तर कंडरा तुटलेली नसून बहुधा घसरलेली आहे. सोडल्याबरोबर पडली, तर तुटल्याचा किंवा नसेचा संशय वाढतो. सरळच करता आली नाही, तर सांधा बघायचा. मग तो मनगट खाली झुकवेल. मनगट झुकलं की शाबूत कंडरा ताणली जाते आणि बोट आपोआप वर येतं. नस दबली असेल तरी ते येतं, कारण दोरी शाबूत असते. कंडरा तुटली असेल तर येत नाही. नस दबल्यावर सहसा एकटी करंगळी नाही, बाकीची बोटं आणि अंगठाही अशक्त होतो. हे घरी हलक्या हाताने एकदा करून बघायला हरकत नाही. पण परत परत ओढून बघू नका, आणि करंगळी वर आली म्हणून जाणं टाळू नका.

त्यानंतर तपासण्या. साध्या एक्स-रेमध्ये कंडरा दिसत नाही, पण करंगळीकडच्या हाडाची खडबडीत कड आणि झिजलेली खोबण दिसते, म्हणून तो लागतोच. कंडरेसाठी मनगटाची सोनोग्राफी करा. पोटाची सोनोग्राफी सगळीकडे होते, पण सांध्याची आणि कंडरेची करणारे रेडिओलॉजिस्ट किंवा संधिवाततज्ज्ञ वेगळे असतात, म्हणून आधी विचारून जा. तिच्यात म्यानात किती पाणी आहे, अस्तर किती जाड झालंय, कंडरा अखंड आहे की चिरफाळली आहे हे दिसतं. सोनोग्राफीतच रक्तप्रवाह दाखवणारं डॉपलर लावून बघितलं की सूज आत्ता पेटलेली आहे की जुनी, थंड झालेली आहे हेही कळतं. एमआरआय दर वेळी लागत नाही. सर्जनला गरज वाटली तर ते सांगतील.

आता तुमचा चांगला आलेला रिपोर्ट. आमवाताची तीव्रता मोजताना बरेच डॉक्टर २८ सांध्यांचा हिशेब करतात आणि त्याला रक्तातल्या सुजेचा आकडा जोडतात. पद्धत उपयोगाची आहे आणि मीही ती वापरते. पण त्या २८ सांध्यांत घोटा नाही, पाऊल नाही आणि कंडरा तर नाहीतच. तुमच्या दोन्ही तक्रारी नेमक्या त्या हिशेबाबाहेर पडतात. ईएसआर आणि सीआरपी या रक्तातली सूज मोजणाऱ्या तपासण्यांचे आकडे चांगले असूनही कंडरेच्या म्यानात सूज चालू राहू शकते. आणि तुमच्या बाबतीत मला त्या पुड्यांची जास्त काळजी वाटते.

अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. दोन-चार दिवसांत आराम पडतो, रिपोर्टही सुधारतो आणि आतलं दुखणं चालू राहतं. तुमच्या पुडीत काय आहे ते मी न बघता सांगणार नाही. पण पावसाळ्यापासून रोज घेत असाल तर ती आज रात्रीपासून एकदम बंदही करू नका. महिनोन्‌महिने स्टेरॉइड बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं कमी करतं. एकदम थांबवलं तर गळून जाणं, उलट्या, रक्तदाब उतरणं असं होऊ शकतं, आणि शस्त्रक्रियेच्या आसपास हे धोक्याचं ठरतं. पुडी डॉक्टरांच्या समोर ठेवा. ते हळूहळू कमी करत थांबवतील.

कंडरेवरचा खरा उपचार आमवाताचं औषध आहे. शस्त्रक्रियेने तुटलेली एक कंडरा जोडता येते, पण बाकीच्या सुजेत तशाच राहिल्या तर त्या तुटायला बसल्याच आहेत. तुमच्या पिवळ्या गोळ्या बहुधा मेथोट्रेक्झेट असाव्यात. मळमळ होणं खरंच त्रासाचं असतं, आणि ती सांगितल्यावर कुणी उपाय केला नाही म्हणून बायका गोळी सोडतात, हे मला फार लागतं. उपाय आहेत. गोळी रात्री झोपताना घेता येते. त्याच दिवसाचा डोस दोन वेळांत विभागता येतो. फॉलिक अॅसिडची गोळी सोबत असलीच पाहिजे. तरीही जमत नसेल तर तेच औषध पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली आठवड्यातून एकदा इंजेक्शनने घेता येतं, आणि बऱ्याच जणींना ते सोसतं. तेही नाही जमलं तर लेफ्लुनोमाइड, सल्फासॅलॅझीन, हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन ही आमवाताची दुसरी औषधं आहेत. त्यांनीही भागलं नाही तर बायोलॉजिक, म्हणजे सूज पेटवणाऱ्या घटकांनाच नेमकं रोखणारी इंजेक्शनं आहेत, ती सुरू करण्याआधी क्षयरोगाची तपासणी करतात. मेथोट्रेक्झेट पुन्हा सुरू करण्याआधी रक्त, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या होतील, आणि नंतरही ठरावीक दिवसांनी होत राहतील. एक गोष्ट मुलीला कॅलेंडरवर लिहून ठेवायला सांगा : ही गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. औषधाचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. तीन महिन्यांत काहीच फरक नसेल किंवा सहा महिन्यांत सूज आटोक्यात आली नसेल, तर औषध बदलायला डॉक्टरांना स्पष्ट सांगा. नऊ वर्षं तीच चिठ्ठी चालवणं बरोबर नाही.

सुजलेल्या म्यानात इंजेक्शन देतात का, असं बरेच जण विचारतात. देतात, आणि योग्य जागी दिलं तर गुणही येतो. औषध म्यानात पडलं पाहिजे, कंडरेच्या आत नाही, म्हणून सोनोग्राफीत बघत दिलेलं बरं. एकाच जागी पुन:पुन्हा देऊ नये. टाचेच्या मागच्या जाड कंडरेत तर स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊच नये, ती तुटते. मधुमेह असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते, तेवढी लक्षात ठेवा. तुमच्या करंगळीला मात्र इंजेक्शनचा उपयोग नाही. तुटलेली कंडरा त्याने जुळत नाही.

याच जोडीला एक गोष्ट सांगते, जी मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या जातीच्या अँटिबायोटिक गोळ्यांनी कंडरा तुटण्याचा धोका वाढतो. साठीच्या पुढे आणि स्टेरॉइड चालू असताना तो आणखी वाढतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००८ साली या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला. आपल्याकडे जुलाब लागले, लघवीला जळजळलं की या गोळ्या सहज हातात पडतात. आमवात आहे आणि कंडरेचा त्रास आहे हे डॉक्टरांना आधी सांगा, ते बहुतेक वेळा दुसरी गोळी देऊ शकतात.

शस्त्रक्रियेबद्दल तुमच्या मनात भीती असणार. बऱ्याचदा ही फक्त हात बधिर करून होते. सर्जन सुजलेलं अस्तर काढून टाकतात, करंगळीकडच्या हाडाची खडबडीत कड काढतात किंवा ते हाड नीट बसवतात, आणि मग कंडरेचं काम करतात. हाडाची कड तशीच ठेवून नुसती कंडरा जोडली तर ती पुन्हा तुटते, म्हणून सर्जनना हे विचारायला संकोच करू नका. पुढे साधारण चार ते सहा आठवडे हाताला आधाराची पट्टी आणि जड कामाला तीनेक महिने सुट्टी धरा. हाताचे व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्टकडे जाणं शस्त्रक्रियेइतकंच गरजेचं आहे. भूल देणाऱ्या डॉक्टरांना नऊ वर्षांचा आमवात आहे हे आवर्जून सांगा, कारण या आजारात मानेचे वरचे मणके सैल होऊ शकतात आणि पूर्ण भूल द्यायची वेळ आली तर आधी मानेचा एक्स-रे बघावा लागतो. मेथोट्रेक्झेट शस्त्रक्रियेसाठी सहसा बंद करावी लागत नाही. बायोलॉजिक थांबवतात. स्टेरॉइड स्वतःहून बंद करायचं नाही.

कुठे जायचं? हाताचं काम करणारे अस्थिरोगतज्ज्ञ किंवा प्लॅस्टिक सर्जन, आणि औषधांसाठी संधिवाततज्ज्ञ, असे दोघेही लागतील. सांगली-मिरजेत दोन्ही मिळतात, त्यासाठी पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. खर्चाची अडचण असेल तर मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा सांगलीच्या वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात बाह्यरुग्ण म्हणून दाखवा. रेशनकार्ड आणि आधार बरोबर घ्या. तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेसाठी रुग्णांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याला, तुमची शस्त्रक्रिया महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसते का, ते आधीच विचारा.

पाय. घोट्याच्या आतल्या हाडामागून जी कंडरा जाते ती पावलाची कमान धरून ठेवते. ती सुजून ढिली पडली की पाऊल आत झुकतं आणि सपाट होतं. आमवातात पावलाचे सांधेही खचतात, त्यामुळे दोन्ही बघावे लागतील. भिंतीला हात टेकून एका पायावर उभं राहा आणि टाच उचलून बघा. उजवी उचलते आणि डावी उचलत नाही, असं असेल तर डॉक्टरांना सांगा. फार दुखत असेल तर करू नका. घोट्याचीही सोनोग्राफी त्याच वेळी करून घ्या. सुरुवातीला कमानीला आधार देणारा सोल, टाच घट्ट धरणारा बूट, काही आठवडे पायाला विश्रांती आणि आमवाताची औषधं एवढ्यावर बऱ्याचदा निभावतं. सपाट चपलेने किंवा अनवाणी बागेतल्या ढेकळांतून चालणं मात्र थांबवा. कमान एकदा पूर्ण खचून ताठ झाली की सांधे जोडण्याची मोठी शस्त्रक्रिया उरते.

सासूबाईंची माया मला समजते. कोमट तेल हलक्या हाताने लावलं तर काही बिघडत नाही. पण रगडणं, बोट ओढून सरळ करणं, मनगट कडकड मोडणं नको. अनामिकेची कंडरा आधीच झिजलेली असेल तर ती अशा ओढाताणीत तुटेल. हाडवैद्याकडे जाऊच नका.

दाखवून येईपर्यंत कात्री हातात धरू नका, डाव्या हातानेही नाही. मांडवाखाली हात वर करून दिवसभर कात्री उघडमिट करणं म्हणजे त्याच कंडरांना तासन्‌तास घासणं आहे, आणि डावं मनगटही त्याच आजाराचं आहे. मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिवसभर बांधा. भाकरी थापणं, पिळे काढणं, कळशी एका हाताने उचलणं हे घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावं. ही विनंती मी तुमच्या मुलीला आणि घरच्या पुरुषांनाही करते आहे. या दिवसांत बागेला एक माणूस कमी पडला तर नुकसान होतं हे मला ठाऊक आहे. रोजंदारीने बाई लावावी लागेल. तो खर्च करा.

तुमच्यासारखाच आमवात असलेल्या इतर वाचकांपैकी कुणाचं बोट सकाळी अडकून खटकन सुटत असेल, तर एवढंच : मधुमेहात किंवा एरवी असं बोट मोकळं करायला कंडरेला जागेवर धरून ठेवणारा हाताच्या तळव्यातला पट्टा कापतात, पण आमवातात तो सहसा कापू नये. बोटं करंगळीकडे झुकण्याची खोड त्याने वाढते. त्याऐवजी सुजलेलं अस्तर काढतात. शस्त्रक्रियेआधी सर्जनना तुमचा आमवात माहीत आहे ना, याची खात्री करा. रात्री अंगठा आणि शेजारची बोटं मुंग्या येऊन बधिर होत असतील, तर तीही तळव्याकडच्या कंडरांच्या सुजेने नस दबल्याची खूण असते, तेही दाखवा.

ताई, जाताना जुने एक्स-रे, रक्ताचे सगळे रिपोर्ट, बंद केलेल्या गोळ्यांची पाकिटं आणि पुडी तिच्या कागदासकट न्या. अनामिका ढिली वाटली किंवा अर्धीच उचलली, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जा. आणि डावं मनगटही तपासून घ्या. ते दुखत नाही म्हणून दाखवायचं राहून जातं.